शेळीचा चारा झाडावर आहे

अमावास्येला तंजावूरच्या बाजारात अगत्तीच्या पाल्याच्या जुड्या नेहमीपेक्षा जास्त खपतात. पितरांच्या नावाने गाईला हा पाला चारायची इथली रीत आहे, आणि राजवाड्याभोवतालच्या गल्ल्यांत राहणारी मराठी घरेही ती पाळतात. अगत्ती म्हणजे आपला हादगा. गाईला पुण्य म्हणून दिली जाणारी ही जुडी प्रत्यक्षात फार पौष्टिक असते. त्याच गल्लीत दाराशी बांधलेल्या शेळीपुढे मात्र भाताचा पेंढा टाकलेला असतो, नाहीतर मंगल कार्यालयाबाहेरून आणलेली उष्टी केळीची पाने. माझे सांगणे त्या शेळीबद्दल आहे. महिन्यातून एकदा गाईला मिळणारा पाला रोज शेळीला मिळाला पाहिजे, आणि तो विकत न घेता मिळाला पाहिजे. हे जमण्यासारखे आहे.

ज्यांच्याकडे दोन-चार शेळ्या आहेत, शेत नाही किंवा अगदी थोडे आहे, त्यांच्यासाठी मी लिहितो आहे. तमिळनाडूत २०११ पासून सरकारने गरीब कुटुंबांना चार-चार शेळ्या-मेंढ्या मोफत दिल्या. अनेक घरांत शेळी पहिल्यांदा आली ती अशी. शेळ्या आल्या, पण त्यांनी खायचे काय, हा प्रश्न ज्याचा त्याने सोडवायचा होता. २०१९ च्या पशुगणनेत तमिळनाडूत सुमारे ९९ लाख आणि महाराष्ट्रात सुमारे १ कोटी ६ लाख शेळ्या मोजल्या गेल्या. यांतल्या बहुतेक शेळ्या मोठ्या फार्मवर नाहीत. त्या घराच्या कडेला, झाडाच्या बुंध्याला किंवा रस्त्यालगतच्या खुंटाला बांधलेल्या आहेत.

तंजावूर म्हटले की हिरवीगार भातशेती डोळ्यांसमोर येते आणि इथे चाऱ्याचा प्रश्न कसला, असे वाटते. प्रश्न आहे, आणि तो हिरवाईमुळेच आहे. साधारण १२ जूनला मेट्टूर धरणातून पाणी सोडतात, कल्लणै बंधाऱ्यावरून ते कालव्यांत येते, कुरुवै आणि मग सांबा भाताची लावणी होते. तिथून पोंगलपर्यंत चहूकडे उभे पीक. शेळी मोकळी सोडली की शेजाऱ्याशी भांडण ठरलेले. कापणीनंतर रान मोकळे होईल म्हणावे, तर भाताच्या ओलीवर उडीद-मूग पेरलेला असतो. म्हणजे वर्षातले मोजके महिने सोडले तर शेळी दाव्यालाच. त्यात ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्य मोसमी पाऊस. गवत भरपूर असते, पण ओले. त्या ओल्या गवताच्या पात्यांवर जंतांच्या अळ्या चढून बसतात, त्या शेळीच्या पोटात जातात आणि रक्त पिऊन तिला पांढरीफटक करतात. महाराष्ट्रात शेळीचे हाल एप्रिल-मे महिन्यांत होतात, इथे ते ऐन पावसाळ्यात होतात. अशा वेळी घरोघर हाताशी एकच गोष्ट असते, पेंढा.

पेंढ्याला मी नावे ठेवत नाही. त्यावर कावेरीच्या या खोऱ्यातली जनावरे पिढ्यानपिढ्या जगली. पण हिशेब नीट पाहा. भाताच्या पेंढ्यात प्रथिने शेकडा तीन-चार, त्याहून जास्त नाहीत. वीस किलोचे वाढते करडू दिवसभरात सुमारे ७०० ग्रॅम कोरडा चारा खाऊ शकते, त्याहून जास्त पोटात मावत नाही. ते सगळे पोट पेंढ्याने भरले तरी प्रथिने मिळतात पंचवीस ग्रॅमच्या आसपास. रोज थोडेफार वजन वाढायचे असेल तर त्याला लागतात साधारण ५० ते ६० ग्रॅम. म्हणजे करडू पोट भरून खाते आणि तरी उपाशी राहते. शिवाय शेळीच्या कोठीपोटात जे जिवाणू पेंढा पचवतात, त्यांनाही वाढायला नत्र लागते. एकूण चाऱ्यात प्रथिने शेकडा सात-आठपेक्षा खाली गेली की हे जिवाणू मंदावतात, पेंढा पोटात पडून राहतो, आणि शेळी तोही खाईनाशी होते. पोट मोठे, पाठीचा कणा हाताला टोचतो, केस राठ, अशी करडे तुम्ही पाहिली असतील. त्यांना दरवेळी आजार झालेला असतो असे नाही. बऱ्याचदा त्यांना पाला मिळालेला नसतो.

आता हादग्याची जुडी घ्या. एक किलो ओला पाला उन्हात कुरकुरीत होईपर्यंत वाळवला तर हातात पाव किलोच्या आसपास उरतो, बाकी पाणी. त्या पाव किलोत प्रथिने शेकडा पंचवीस ते तीस. म्हणजे साठ ग्रॅमच्या वर. करडाची दिवसाची गरज एका किलो हादग्यात भागली. मग उरलेले पोट पेंढ्याने भरा, हरकत नाही, कारण आता कोठीपोटातले जिवाणू कामाला लागलेले असतात आणि तोच पेंढा जास्त पचतो. माझे सगळे सांगणे या एका हिशेबावर उभे आहे. पेंढा काढून टाकू नका, त्याच्या जोडीला पाला द्या.

शेळी हे मुळात गवत चरणारे जनावर नाही. विश्वास बसत नसेल तर एक जुडी दोरीने तिच्या डोक्याच्या उंचीवर टांगा आणि जवळ बसून पाहा. गाय जिभेने घास गुंडाळून ओढते. शेळी तसे करत नाही. तिचा वरचा ओठ बोटांसारखा हलतो. आधी ती शेंड्याकडची कोवळी पालवी उचलते, मग देठ दातात धरून मान मागे घेत पाने ओरपते, काडी सोडून देते. जून, पिवळे पान ओठाने बाजूला सारते. जुडी थोडी वर ओढली तर मागच्या पायांवर उभी राहते. हाच पाला जमिनीवर टाकला, त्यावर लेंड्या पडल्या, मूत पडले, की ती नाक फिरवते. तिला माजुरडी म्हणू नका. जमिनीवरचे न खाणे हा तिचा जंतांपासून बचाव आहे. म्हणून पाला नेहमी टांगून द्यावा किंवा उंच गव्हाणीत द्यावा. एवढ्या एका बदलाने पाल्याची नासाडी बरीच कमी होते, आणि तो बदल आज संध्याकाळीच करता येतो.

तंजावूरच्या मातीत पहिले झाड लावायचे ते हादग्याचेच. कावेरीकाठच्या पानमळ्यांत नागवेल चढवायला हेच झाड लावतात, त्यामुळे बी मिळायला अडचण नाही. आपल्याकडे सांगली-मिरजेकडच्या पानमळ्यांत याच कामाला शेवरी, पांगारा आणि हादगा लावतात, आणि तिथल्या शेळ्यांना शेवरीचा पाला किती आवडतो हे तिथल्या लोकांना सांगायला नको. हादग्याचे बी थेट टोकले तरी उगवते, झाड झपाट्याने वाढते, मुळाशी पाणी साचले तरी तग धरते. खोऱ्यात हा गुण फार मोलाचा. एक पथ्य मात्र पाळावे लागते. हादग्याला सुबाभळीसारखी खोडातून छाटणी सोसत नाही. शेंडा आणि मुख्य खोड ठेवून बाजूच्या फांद्याच तोडायच्या, त्याही एकदम सगळ्या नाहीत. पाला मिळतो म्हणून पहिल्याच वर्षी झाड बोडके करणारे पुढच्या वर्षी वाळलेले खोड पाहतात. झाडाचे आयुष्यही फार नसते. दरवर्षी चार-दोन नवी रोपे लावत राहावे.

सुबाभळीबद्दल लोकांच्या मनात भीती आहे, ती थोडी समजून घ्यायला हवी. महाराष्ट्रात उरळीकांचनच्या बायफने, मणिभाई देसाईंच्या संस्थेने, १९७० च्या दशकात सुबाभळीचा मोठा प्रसार केला. पाल्यात प्रथिने शेकडा वीस ते पंचवीस, छाटणी कितीही केली तरी पुन्हा फुटणारे झाड, दुष्काळात हिरवे. पण तिच्यात मिमोसिन नावाचे द्रव्य असते. जास्त खाल्ले तर जनावराचे केस गळतात, गळ्याची गाठ सुजते, वाढ थांबते. ऑस्ट्रेलियातल्या गाईंना हा त्रास फार व्हायचा. रेमंड जोन्स या तिथल्या शास्त्रज्ञाच्या लक्षात आले की हवाई बेटांवरच्या शेळ्या मात्र सुबाभूळ मनसोक्त खातात आणि त्यांना काहीच होत नाही. त्यांच्या कोठीपोटात हे विष मोडणारा जिवाणू होता. १९८० च्या दशकात तो हवाईच्या शेळ्यांकडून ऑस्ट्रेलियातल्या गाईंच्या पोटात पोचवला गेला आणि गाईंचा त्रास थांबला. पुढे १९९२ मध्ये त्या जिवाणूला जोन्स यांचेच नाव देण्यात आले. असे जिवाणू भारतातल्या शेळ्यांतही आढळले आहेत. म्हणून घाबरून सुबाभूळ तोडायचे कारण नाही. चाऱ्याच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त देऊ नये, गाभण शेळीला आणखी हात राखून द्यावी, सुरुवात मूठभर पाल्याने करून दहा-पंधरा दिवसांत वाढवत न्यावे, एवढे पाळले की पुरे. लावताना बी कडक गरम पाण्यात चार-पाच मिनिटे ठेवून मग रात्रभर साध्या पाण्यात भिजवावे, नाहीतर टणक सालीमुळे ते उगवत नाही. पाणी साचणाऱ्या जागी ती नीट येत नाही, बांधाच्या उंचवट्यावर लावावी. आणि शेंगा धरायच्या आत छाटावी, कारण तिचे बी पसरले की रान तिचेच होते. ही तक्रार खरी आहे.

पट्टुकोट्टै-पेरावूरणीकडे नारळाच्या बागांत गिरिपुष्प लावलेले असते, त्याचा पाला नारळाच्या आळ्यात खत म्हणून घालतात. १६ नोव्हेंबर २०१८ च्या गजा चक्रीवादळाने त्या भागातली नारळाची झाडे आडवी केली. पुन्हा उभ्या राहणाऱ्या बागांच्या कुंपणावर गिरिपुष्प लावणाऱ्यांनी त्यातला अर्धा पाला शेळीकडे वळवावा, असे मला आग्रहाने सांगायचे आहे. शेळीने खाल्लेला पाला लेंडीखत होऊन बागेत परत जातोच. गिरिपुष्पाची अडचण म्हणजे त्याचा वास. शेळी पहिल्या दिवशी हुंगते आणि मागे सरते. इथेच बहुतेक लोक हार मानतात. पाला तोडून रात्रभर सावलीत पसरून ठेवा, तो मरगळला की उग्र वास कमी होतो. मग थोडा गूळपाणी शिंपडून किंवा हादग्यात मिसळून द्या. एक शेळी खायला लागली की बाकीच्या तिच्याकडे बघून खातात. लहानपणी चव लागलेल्या करडांना पुढे काही शिकवावे लागत नाही. हाताच्या मनगटाएवढ्या जाडीची, चार-पाच फुटांची फांदी पावसाच्या तोंडावर रोवली की झाड तयार, म्हणून गरिबाच्या कुंपणाला याच्याइतके स्वस्त झाड दुसरे नाही.

बाकीच्या झाडांची यादी मोठी आहे, थोडक्यात सांगतो. शेवगा आणि तुती या दोघांचा पाला उत्तम, फक्त शेवग्याला पाणी साचलेले चालत नाही. शिरीष उंच वाढतो, त्याचा पाला सुबाभळीच्या खालोखाल. कालव्याच्या काठांवर जो पारोसा पिंपळ दिसतो, ज्याला इथे पूवरसु म्हणतात, त्याची पाने शेळ्या आवडीने खातात. फणसाच्या पानांवर तर त्या तुटून पडतात. त्यात प्रथिने बारा-चौदाच्या आसपास, म्हणजे सुबाभळीपेक्षा कमी, पण पेंढ्याच्या तिप्पट. पिंपळ, वड, कडुनिंब ही मधली प्रत. आंब्याचे पान केवळ पोटभर म्हणून. झाड लावायला जागाच नसेल तर दशरथ घास लावा. नाव घास असले तरी ते शेंगवर्गीय झुडूप आहे. तमिळमध्ये त्याला वेलिमसाल म्हणतात. एकदा पेरले की कित्येक वर्षे कापता येते आणि घराच्या मागच्या वाफ्यातही मावते.

बाभळीच्या आणि वेड्या बाभळीच्या शेंगांबद्दल मात्र जरा थांबून सांगायला हवे, कारण वल्लमकडच्या कोरड्या, तांबड्या माळावर आणि मराठवाड्यातही उन्हाळ्यात हाच आधार असतो. बाभळीच्या पाल्यात आणि शेंगांत टॅनिन असते. कच्ची सुपारी किंवा हिरवे जांभूळ खाल्ल्यावर जीभ जशी ओढल्यासारखी होते, ते टॅनिन. ते प्रथिनांना धरून ठेवते. थोडे असले तर फायद्याचे, कारण प्रथिने कोठीपोटात वाया न जाता पुढच्या आतड्यात जाऊन शरीराला मिळतात, आणि जंतांचा जोरही काहीसा कमी होतो. फार झाले की तेच प्रथिन पचू देत नाही, भूक मारते. शेळीच्या लाळेत टॅनिनला बांधून टाकणारी प्रथिने असतात, त्यामुळे गाई-मेंढीपेक्षा तिला ते जास्त सोसते. पण सोसणे आणि मानवणे यात फरक आहे. कोणताही एकच पाला महिनोन्महिने देऊ नये. दोन-तीन झाडांचा मिसळून दिला की एकाचा दोष दुसरा झाकतो. मोकळी शेळी तासाभरात दहा झाडांना तोंड लावत फिरते, ते यासाठीच. आपण तिला बांधले आहे, तेव्हा ती निवड आपण तिच्या पुढ्यात आणून ठेवायची. वेड्या बाभळीच्या पिकलेल्या शेंगा गोड असतात, शेळ्या अधाशासारख्या खातात. त्या भरडून, खुराकाचा थोडा भाग म्हणून द्याव्यात. पोटभर देऊ नयेत.

आता विषाचे. तंजावूरच्या कालव्यांच्या आणि तळ्यांच्या काठी जांभळ्या-गुलाबी कर्ण्यासारख्या फुलांचे एक झुडूप माजलेले असते. महाराष्ट्रात त्याला बेशरम म्हणतात, इथे नेय्वेली काट्टामणक्कु. बारमाही हिरवे, फुकटचे, शेळीच्या तोंडाच्या उंचीवर. एखाद्या दिवशी दोन पाने खाल्ली तर लगेच काही दिसत नाही, आणि धोका तिथेच आहे. चारा नसताना रोज खात राहिली की काही आठवड्यांत शेळीची मान थरथरते, मागचे पाय लटपटतात, ती खंगत जाते आणि पुढे सावरत नाही. मज्जासंस्थेवर परिणाम करणारे विष त्यात आहे. एकदा चटक लागलेली शेळी ते झुडूप शोधत जाते. कालव्याकाठी शेळी बांधत असाल तर दाव्याच्या टप्प्यात बेशरम नाही ना, एवढे रोज पाहा. कण्हेर, बिट्टी, घाणेरी आणि एरंड यांचीही पाने तोडून आणलेल्या भाऱ्यात नकोत. लहान मुलांना पाला आणायला पाठवता ना, त्यांना ही झाडे हाताने दाखवून ठेवा. सांगून भागत नाही.

आणि उष्ट्या पानांबद्दल. मंगल कार्यालयाबाहेर जेवणाच्या केळीच्या पानांचा ढीग पडतो. केळीचे पान शेळीला वाईट नाही. वाईट आहे त्यावरचा भात. पोटभर भात खाल्लेल्या शेळीच्या कोठीपोटात काही तासांत आम्ल तयार होते, पोट गच्च होते, ती दात खाते, आडवी पडते आणि दुसऱ्या दिवशी मेलेली आढळते. कुणीतरी दृष्ट लावली म्हणून लोक मोकळे होतात. पाने आणायची तर झटकून, भात काढून टाकून आणा. प्लास्टिकचे कपही त्याच ढिगात असतात, ते पोटात गेले की बाहेर येत नाहीत.

राजवाड्याच्या परिसरात राहणाऱ्यांना एक खास विनंती. राजवाड्याच्या आवारातली, जुन्या तटाकडची आणि शिवगंगा बागेतली झाडे ओरबाडू नका. भिंतीच्या विटांतून पिंपळ-वडाची रोपटी उगवलेली दिसली तरी ती ओढायला चढू नका. ती मुळासकट काढणे हे जाणत्या माणसाचे काम आहे. अर्धवट ओढल्याने भिंतच सुटते. पण पावसाळ्याआधी विजेच्या तारांखालच्या फांद्या छाटतात, रस्त्यावर कडुनिंब, शिरीष, करंज यांचे ढीग पडतात आणि दुसऱ्या दिवशी कचऱ्याच्या गाडीत जातात. छाटणी करणाऱ्या माणसांना आधी विचारून ठेवा आणि कडुनिंब-शिरीष निवडून घ्या. ज्यांच्याकडे शेळी नाही त्यांनी आपल्या अंगणातला छाटलेला पाला शेळीवाल्याला बोलावून द्यावा. आपल्या मराठी घरांपैकी कित्येकांची लांबच लांब परसे आता ओस आहेत, मुले चेन्नईला, बंगळूरला, परदेशात. त्या परसात सहा हादगे आणि दोन शेवगे लावले तर घरात भाजी होईल आणि शेजारच्या गरीब बाईच्या शेळ्यांना पाला होईल. यात खर्च जवळजवळ नाही.

याच राजवाड्यात तंजावूरच्या मराठा सरफोजीराजांनी, दुसऱ्या सरफोजींनी, धन्वंतरी महाल चालवला. त्यांचे राज्य १७९८ ते १८३२. तिथे माणसांसाठी औषधे तयार होत, तशी जनावरांसाठीही होत, आणि वनस्पतींचा अभ्यास होई. सरस्वती महाल ग्रंथालयात हत्ती-घोड्यांवरची सचित्र हस्तलिखिते आजही जपलेली आहेत. राजाला हत्ती-घोडे महत्त्वाचे होते, ते बरोबरच. आज या परिसरातल्या गरीब घराला शेळी महत्त्वाची आहे. तिच्या चाऱ्याचे ज्ञान ग्रंथात शोधावे लागत नाही, ते फार लांबही नाही. राजवाड्यापासून पट्टुकोट्टैच्या रस्त्याने गेलात की ओरत्तनाडू लागते. सरफोजीराजांनी बांधलेले मुक्तांबाळ छत्र तिथेच आहे. त्याच गावी २०१२ पासून तमिळनाडू पशुवैद्यक विद्यापीठाचे महाविद्यालय आहे. शेळी घेऊन, प्रश्न घेऊन तिथे जा. कोणता पाला किती द्यावा, रोपे कुठे मिळतील, जंताचे औषध कधी पाजावे, हे विचारायला संकोच करू नका. ती जागा आपल्यासाठीच आहे.

किती झाडे लागतील, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे, नाहीतर दोन झाडे लावून लोक निराश होतात. पंचवीस किलोच्या शेळीला दिवसाला एक किलोच्या आसपास कोरडा चारा लागतो. त्यातला निम्मा झाडपाल्यातून द्यायचा ठरवला तर ओला पाला दोन किलो. चार शेळ्यांना आठ किलो. गिरिपुष्पाचे किंवा सुबाभळीचे एक झाड दोन महिन्यांनी एकदा छाटायचे आणि दर छाटणीला चार किलो पाला मिळाला असे धरा. दोन महिन्यांत लागणार ४८० किलो, म्हणजे १२० झाडे. दोन-दोन फुटांवर लावली तर २४० फूट कुंपण. एका परसात ते मावणार नाही. बांधावर, कालव्याच्या कडेच्या स्वतःच्या तुकड्यावर, शेजाऱ्याशी बोलून त्याच्या कुंपणावर, असे मिळून ते होते. आणि २४० फूट जमले नाही, साठ फूटच जमले, तरी एका शेळीची सोय झाली. गाभण शेळी आणि नुकतेच दूध सुटलेली करडे यांना पहिला हक्क द्या. कमी पाला असेल तेव्हा तो सगळ्यांत वाटून टाकण्यापेक्षा या दोघांना देणे जास्त फळते.

पावसाळ्याची तजवीज उन्हाळ्यातच करायची असते. फेब्रुवारी ते मे या काळात हादगा, सुबाभूळ, शिरीष यांच्या फांद्या तोडून सावलीत, जुन्या साडीवर किंवा ताडपत्रीवर पसरा. दोन-तीन दिवसांत पाने आपोआप गळतात. कडक उन्हात वाळवू नका, हिरवेपणा उडतो आणि त्याबरोबर अ जीवनसत्त्वही. वाळलेली पाने पोत्यात भरून आढ्याला किंवा फळीवर, ओल लागणार नाही अशी ठेवा. ऑक्टोबरच्या झडीत शेळी बाहेर काढता येत नाही, तेव्हा पेंढ्यावर मूठ-दोन मुठी हा चुरा घालून द्या. पाल्यात कॅल्शियम भरपूर असते पण फॉस्फरस कमी, म्हणून थोडा भाताचा कोंडा आणि चिमूटभर मीठ किंवा क्षारमिश्रण रोज द्यावे. शेळीपुढे स्वच्छ पाणी सतत हवे, कोरडा चारा असताना तर जास्तच.

महाराष्ट्रातल्या वाचकांनी हे वाचून तंजावूरची गोष्ट म्हणून बाजूला ठेवू नये. तुमच्याकडे झाडे वेगळी आहेत. खानदेशात अंजन, माळरानावर बोर आणि हिवर, कोकणात फणस आणि पांगारा, पानमळ्यात शेवरी. हिशेब तोच. कडब्यालाही प्रथिने कमीच असतात आणि उस्मानाबादी शेळीला दोन करडे वाढवायची असतात.

आता सांगतो ते याच आठवड्यात करा. हादग्याचे मूठभर बी मिळवा, गिरिपुष्पाच्या दहा फांद्या मागून आणा, आणि पाऊस जवळ आला की कुंपणाला लावा. पहिली दोन वर्षे त्यांना शेळीच्या तोंडापासून काट्यांनी राखा. तोपर्यंत रोज शेजारपाजारच्या झाडांचा दोन-तीन प्रकारचा पाला आणून टांगून द्या. आणि दर अमावास्येला गाईसाठी जुडी घेता तेव्हा आणखी एक घ्या, ती दारच्या शेळीला द्या.